पर्जन्यछायेतील पावसाचा हिशेब

नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव आज मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे आणि शेजारच्या शनिशिंगणापुरामुळे महाराष्ट्रभर परिचित असले, तरी ज्या भूभागावर ते वसले आहे त्याचा इतिहास राजांच्या स्वाऱ्यांपेक्षा पावसाच्या येण्या-न येण्याने अधिक घडला आहे. या पावसाचा हिशेब येथल्या माणसांनी कोणकोणत्या रीतींनी ठेवला, त्या हिशेबातून त्यांना काय उमगले आणि काय हाती लागले नाही, याचा मागोवा हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील पहिल्या प्रकरणाइतकाच उपयोगी पडेल, अशी माझी धारणा आहे.

प्रथम नकाशा पुढे घ्यावा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीचा कणा उभा आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच रांगेत येते, आणि त्या परिसरातील घाटघर, रतनवाडी यांसारख्या गावांवर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर असलेल्या सोनईच्या वाट्याला मात्र, त्याच ऋतूत आणि त्याच मोसमी वाऱ्यांकडून, वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटरांच्या आसपासच पाणी येते. एकाच जिल्ह्यात अतिवृष्टी आणि अवर्षण शेजारी शेजारी नांदावीत, याचे कारण डोंगराच्या उंचीत आणि हवेच्या स्वभावात आहे. अरबी समुद्रावरून आलेली आर्द्र हवा सह्याद्रीची चढण चढू लागली म्हणजे तिच्यावरचा दाब कमी होतो, दाब कमी झाल्याने ती प्रसरण पावते, आणि प्रसरणात तिची उष्णता खर्ची पडून ती दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअस या मानाने थंड होत जाते. थंड झालेल्या हवेत बाष्प वायुरूपाने टिकण्याची मर्यादा घटते, म्हणून ठरावीक उंचीवर बाष्पाचे सूक्ष्म जलकण होऊन मेघ जमतात; या संघननात सुप्त उष्णता मोकळी होत असल्याने तेथून पुढे थंड होण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. घाटमाथ्यावर आपले बहुतेक पाणी ओतून तीच हवा पूर्वेकडे उतरू लागली की क्रम उलटतो: दाब वाढतो, हवा तापते, तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते आणि मेघ विरून जातात. या उतारापलीकडच्या प्रदेशाला शास्त्रात पर्जन्यछाया असे नाव आहे, आणि सोनईचे शिवार त्या छायेत मोडते.

या छायेचा आणखी एक विशेष विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जुलै महिन्यात पश्चिमेचे वारे ऐन जोरात असतात, कोकणात आणि घाटात संततधार लागलेली असते, तेव्हाच नगरच्या पूर्व भागात अनेकदा नुसते ढग धावतात आणि वारा वाहतो. उलट सप्टेंबरात वाऱ्यांचा जोर ओसरला, बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकू लागली आणि दुपारच्या उन्हाने तापलेल्या जमिनीवर गडगडाटी मेघ उभे राहिले, म्हणजे येथला खरा पाऊस होतो. म्हणूनच या भागात खरिपाच्या बाजरीपेक्षा रब्बीच्या ज्वारीवर घरसंसाराची भिस्त राहिली. काळ्या जमिनीने भाद्रपद-आश्विनात पोटात साठवलेल्या ओलीवर ती ज्वारी हिवाळाभर वाढते. ज्यांनी ही रीत बसवली त्यांच्यापाशी वाऱ्याचे वा दाबाचे गणित नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, आणि तो अनुभव बरोबर होता.

हा अनुभव किती जुना असावा, याची कल्पना प्रवराकाठच्या उत्खननांवरून येते. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाच्या पांढरीत उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून मुसलमानी अमदानीपर्यंतचे वस्तीचे थर त्यांच्या हाती लागले. त्याच प्रवरेच्या काठी दायमाबादला ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची मोठी वसाहत सापडली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास या वसाहती उजाड होत गेल्या, आणि मधुकर केशव ढवळीकर यांनी भीमेच्या खोऱ्यातील इनामगावच्या पुराव्यावरून असे प्रतिपादन केले की, या ऱ्हासामागे वाढत्या शुष्कतेचा मोठा हात होता. हे अनुमान ग्राह्य धरले तर, ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ज्या नेवाशात आपला ग्रंथ सांगितला, त्याच भूमीवर त्यांच्या दोन सहस्रकांहून अधिक काळ आधी हवामानाच्या पालटाने एक अख्खी संस्कृती विस्कटली होती, असे म्हणावे लागते.

पाऊस मोजण्याची कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारापुढे अरत्नीभर रुंद मुखाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि त्यापुढे निरनिराळ्या देशांची पर्जन्यमाने द्रोण या मापात दिली आहेत: जांगल म्हणजे कोरड्या देशांना १६ द्रोण, अवंतीला २३, गोदावरीकाठच्या अश्मक देशाला जांगलाहूनही कमी, सुमारे तेरा, आणि अपरांताला, म्हणजे कोकणाला, अमित. अश्मकाचे अल्प माप आणि अपरांताचे अमर्याद माप एकाच ओळीत ज्याने मांडले, त्याला सह्याद्रीच्या दोन बाजूंमधील भेद अंकांनी ठाऊक होता. हे कुंड राजवाड्याच्या देवडीवर न ठेवता धान्याच्या कोठारापुढे ठेवलेले होते, याचाही विचार करावा. पाऊस मोजायचा तो पेरणी ठरवण्यासाठी आणि राज्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्यासाठी, हा हेतू त्या जागेवरूनच प्रकट होतो.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिरांनी बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे, वृष्टीचे प्रमाण आणि ते मोजण्याचे आढक हे माप यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. परंतु त्यांच्या ग्रंथात मोजणीच्या शेजारी भाकिताने मोठी जागा व्यापली. शनीने रोहिणीचा शकट भेदला असता जगावर अरिष्ट कोसळते, ही समजूत त्याच ग्रंथाने पुढच्या शतकांना दिली. गुढीपाडव्याला ग्रामजोशाने मारुतीच्या देवळात पंचांग उघडून संवत्सरफल वाचावे, यंदा मेघाधिपती कोण आणि पाऊस किती आढक हे सांगावे, आणि पाटील-कुळकर्ण्यांसह सगळ्या गावाने ते ऐकावे, ही प्रथा याच परंपरेतून आलेली होय. त्या पंचांगातली एक रीत अशी: सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो तेथपासून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून त्या संख्येस नवाने भागावे आणि बाकीवरून नक्षत्राचे वाहन ठरवावे. वाहन बेडूक, म्हैस वा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा वा मेंढा असेल तर ओढ. या गणितात आकाशातील ग्रहांची स्थिती येते, परंतु समुद्राचे तापमान, वाऱ्याची दिशा वा हवेचा दाब यांपैकी काहीही येत नाही. त्यामुळे भाकीत म्हणून त्याला आधार नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु भाकिताचा भाग बाजूला ठेवला तर नक्षत्रांची ही चौकट शेतकऱ्याच्या फार उपयोगाची होती. चांद्र महिने अधिकमासामुळे मागेपुढे होतात. सूर्याची नक्षत्रे मात्र दरवर्षी जवळजवळ त्याच दिवशी लागतात, आणि तेरा-चौदा दिवसांच्या टप्प्यांनी सबंध पावसाळा विभागून देतात. मृग ७ वा ८ जूनला, त्यानंतर आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त, ज्याला गावकरी हत्ती म्हणतात आणि ज्याच्यावर रब्बीचे सारे अवलंबून असते. या दिनदर्शिकेत एक सूक्ष्म दोष मात्र होता. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळे, म्हणजे अयनचलनामुळे, नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते, आणि दर बहात्तर वर्षांस एक दिवस या मानाने नक्षत्रे ऋतूंच्या पुढे सरकतात. वराहमिहिरांच्या काळी मृग नक्षत्र ऋतुमानाने आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी लागत असे. तेव्हा मृग आणि पहिला पाऊस यांची आज जुळलेली सांगड शाश्वत नाही, आणि आणखी हजार वर्षांनी ती सुटलेली असेल.

जुन्या गणिताची शुद्धी आणि नव्या पद्धतीची मोजणी या दोन्ही कामांशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते केरो लक्ष्मण छत्रे हे महाराष्ट्रातील या शास्त्राच्या इतिहासातले मोठे पुरुष होत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची इमारत १८२६ मध्ये बांधली गेली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय व हवामानविषयक नोंदी नियमाने होऊ लागल्या. केरूनानांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले, आणि पुढे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून पंचांगाच्या शुद्धीकरणाचा पाया घातला. ठरल्या घटकेला यंत्रापाशी जाऊन दाब आणि तापमान लिहून ठेवण्याची शिस्त अंगी बाणलेला मनुष्य पंचांगाकडे वळतो, तेव्हा तो आकाशात प्रत्यक्ष दिसणारे आणि कागदावर लिहिलेले जुळते की नाही एवढेच विचारतो. आणि सर्व विज्ञानाचा आरंभ या प्रश्नापासून होतो.

हा प्रश्न सरकारदरबारी विचारला जाण्यास मात्र दुष्काळ पडावे लागले. दख्खनने दुष्काळ पूर्वीही सोसले होते: चौदाव्या शतकाच्या अखेरचा दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत शतकानुशतके राहिला, आणि १६३० च्या दुष्काळाने बुडत्या निजामशाहीचा मुलूख ओस पाडला. १८०३-०४ साली नगर प्रांतावर जी उपासमार ओढवली तिला तर होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी केलेली लुटालूट मोठ्या अंशाने कारण झाली. सर्व दुष्काळ आभाळातून उतरत नाहीत, ही नोंद हवामानाच्या अभ्यासकानेही विसरू नये. इंग्रजी अमलात १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ ची अवर्षणे यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली, आणि हेन्‍री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. लगेच पुढच्या वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला, आणि १८७६-७८ चा महादुष्काळ दख्खनवर कोसळला. त्या काळात हजारो भुकेल्या हातांनी मातकाम केलेला दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली वाहतुकीस खुला झाला, आणि तो आजही नगर-राहुरीवरून जातो. त्याच दुष्काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि पर्जन्याच्या नोंदींना व पूर्वानुमानाला सरकारी कारभारात महत्त्वाची जागा मिळाली.

तालुक्याच्या कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक उभा राहिला, तो या कारभाराचा भाग म्हणून. सायमन्सच्या पद्धतीचे पाच इंची मुखाचे नरसाळे, खाली बाटली, जमिनीपासून एक फुटावर कड, जवळपास झाड वा भिंत नको, आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे साडेआठ वाजता, साचलेले पाणी काचेच्या मापात ओतून त्याचा आकडा वहीत उतरवायचा: यंत्र इतके साधे होते की, अव्वल कारकुनापासून शिपायापर्यंत कोणालाही ते सांभाळता यावे. मामलेदाराच्या कचेरीतून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून मुंबई-पुण्याला हे आकडे जात, आणि गावोगावच्या आणेवारीच्या शेजारी ते ठेवले जात. आणेवारी म्हणजे सोळा आणे पूर्ण पीक धरून यंदाच्या पिकाचा ठरवलेला नजरअंदाज. ती चार आण्यांच्या आत आली तर सारा तहकूब व्हावा, चार ते सहा आणे आली तर निम्मा वसूल व्हावा, असा मुंबई इलाख्यातील शिरस्ता होता. पाटलाने आणि कुळकर्ण्याने शिवारात फिरून केलेला अंदाज आणि कचेरीच्या बाटलीतील पाणी, या दोन पुराव्यांवर रयतेला सूट मिळायची की जप्ती व्हायची हे ठरत असे. या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. सप्टेंबरचा गडगडाटी मेघ काही किलोमीटरांच्या परिसरावरच बरसतो, त्यामुळे नेवाशाच्या कचेरीत नोंदलेला पाऊस सोनईच्या वा घोडेगावच्या रानात पडलाच असेल, याची शाश्वती नसे. तालुक्याच्या एका आकड्याखाली कोरडी राहिलेली गावे झाकली जात.

मोजणी अशी हळूहळू रुजत असताना भाकिताने मात्र वारंवार मान खाली घालायला लावली. हिमालयावरील हिमाच्या प्रमाणावरून ब्लॅनफर्ड यांनी १८८६ पासून मोसमाचे नियमित अनुमान देण्यास आरंभ केला. पण त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांच्या काळात १८९९ साली चांगल्या पावसाचे अनुमान जाहीर झाले, आणि त्याच वर्षी एकोणिसाव्या शतकातील अत्यंत भीषण अवर्षणांपैकी एक देशावर आले. या अपयशाची शिकवण पुढच्यांनी वाया जाऊ दिली नाही. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने कोणतीही उपपत्ती आधी गृहीत न धरता जगभरच्या वेधशाळांतील कित्येक वर्षांचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, आणि त्यातून प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांवरील वायुदाब आळीपाळीने वर-खाली होतात, हे दक्षिणी आंदोलन त्यांना सापडले. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी या आंदोलनाचा प्रशांत महासागराच्या पृष्ठभागावरील तापमानाशी, म्हणजे एल निनोशी, असलेला संबंध उलगडला. १८७७, १८९९ आणि १९७२ या वर्षी एल निनो प्रभावी होता. नगर जिल्ह्यातील वृद्धांच्या तोंडी ज्या दुष्काळांची नावे आहेत, त्यांचे एक सूत्र पेरूच्या किनाऱ्याजवळील समुद्रात आहे, हे केवळ चिंतनाने कळणे शक्य नव्हते. कोण्या अनामिक कारकुनांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या वह्यांमधून ते वर आले. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास ज्या इमारतीत आले, तिला पुणेकर अद्याप सिमला ऑफिस म्हणतात, आणि १९३२ मध्ये तेथे कृषिहवामानाची शाखा निघाली. तेव्हापासून या विद्येचे एक प्रमुख पीठ महाराष्ट्रातच आहे.

स्वातंत्र्यानंतर सोनईच्या पावसाच्या हिशेबात नवीन बाब दाखल झाली. हरिश्चंद्रगड आणि रतनगड यांच्या परिसरात उगम पावणाऱ्या मुळा नदीवर राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे धरण झाले. २६,००० दशलक्ष घनफूट पाण्याचा तो ज्ञानेश्वरसागर उजव्या कालव्याने राहुरी, नेवासे या तालुक्यांच्या शिवारांना पाणी देऊ लागला, आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळात देशाचा मोसमी पाऊस सरासरीहून सुमारे एकचतुर्थांशाने कमी पडला, खडी फोडण्याच्या कामांवर माणसे लोटली, आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पुढे आला. त्याच सुमारास येथे पाटाचे पाणी खेळू लागले होते. तेव्हापासून या गावाचे जीवन दोन पावसांवर चालते: एक आपल्या डोक्यावरचा, जो जिरायत रानाला आणि विहिरीच्या झऱ्यांना लागतो, आणि दुसरा अकोल्याच्या डोंगरातला, जो सव्वाशे किलोमीटर दूर पडून पाटाने येतो. पर्जन्यछायेची रेषा पाटाने ओलांडली, परंतु ती पुसली गेली नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस हटला तर ऊस वाळतो आणि हस्ताचा हटला तर ज्वारी, म्हणून आज सोनईच्या शेतकऱ्याला एकाऐवजी दोन ठिकाणच्या आकाशाचा हिशेब ठेवावा लागतो.

आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे झाली आहेत, आणेवारीची पैसेवारी झाली आहे, उपग्रहांची चित्रे घरोघरी दिसतात, आणि १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच राहुरीस आहे. तरीही विद्यार्थ्याने जी पहिली गोष्ट शिकायची ती जुनीच आहे: आजचा पाऊस म्हणजे हवा, आणि तीस वर्षांच्या नोंदींतून जे मान निघते ते हवामान. अडीच मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला तर तो पर्जन्यदिन धरावा. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एखादे वर्ष कोरडे गेले म्हणून हवामान पालटले असे म्हणू नये, आणि तीस वर्षांची सरासरी मागच्या तीस वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिल्याविना ते पालटले नाही असेही म्हणू नये. शाळा-महाविद्यालये असलेल्या या गावात एखाद्या शाळेने पर्जन्यमापक मांडून रोज साडेआठ वाजता वही लिहिण्याचा नेम धरला, तर आजचे विद्यार्थी जी नोंद सुरू करतील तिची पहिली सरासरी त्यांची मुले काढतील. आणि पृथ्वीचे तापमान वाढत असताना सोनईच्या सप्टेंबरचे काय होत आहे, या प्रश्नाला गावापाशी स्वतःचे उत्तर असेल. कोष्ठागारापुढच्या कुंडापासून कचेरीतल्या बाटलीपर्यंतचा हा इतिहास एकच गोष्ट ठामपणे सांगतो: पावसाचे भविष्य सांगणाऱ्यांनी जे दिले त्यातले फार थोडे टिकले, आणि पाऊस निमूटपणे मोजून लिहून ठेवणाऱ्यांच्या आकड्यांवर पुढचे सारे शास्त्र उभे राहिले, म्हणून या विद्येची दीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाने भाकिताचा मोह काही काळ आवरून आधी मोजणीला बसावे.